सहीआधीचा आवाज

बंद दारामागून रेव्हरंड एमरिस यांचा आवाज आला की वेल्समधल्या त्या दगडी कॉलेजातली ओलसर हवाही श्वास रोखून उभी राही; आधी मंद, मग टेकडी चढावी तसा पायरीपायरीने चढत जाणारा, चाळीस वर्षांच्या प्रवचनांत मुरलेला आवाज. ते धर्मगुरू आणि आमचे प्राचार्य. स्लेटच्या खाणीत आयुष्य झिजवलेल्या बापाचा हा मुलगा. त्यांच्या चेहऱ्यावरही त्या दगडाचीच करडी, पावसाने धुतलेली छटा होती. त्यांचा एक रिवाज होता. कुणाविरुद्धच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद ते त्याच माणसासमोर मोठ्याने वाचत. जे तोंडावर म्हणवत नाही, त्याखाली नाव घालायचं नाही.

त्या नोव्हेंबरात तो कागद माझ्याविरुद्धचा होता.

मी नागपूरची, स्टुडंट व्हिसावर आलेली. कॉलेजने हॉस्टेल विकायला काढलं तेव्हा निषेध म्हणून तीन आठवडे मी वर्गात पाऊल टाकलं नाही. गेटवर उभी राहून पत्रकं वाटली. मथळा माझाच: ‘घाबरट प्राचार्य’. स्पष्ट सांगते, त्याची मला लाज नव्हती. पण गैरहजेरीचा अहवाल होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, गेला की व्हिसा रद्द होऊ शकतो, हे कळल्यापासून मी पासपोर्ट उशाशी ठेवून झोपत होते. मेल आला की आधी फक्त पाठवणाऱ्याचं नाव वाचायची, जिन्यावर बूट वाजले की खोलीतला दिवा मालवायची.

ते वाचू लागले. खिडकीतला राखाडी उजेड त्यांच्या भुवयांवर थिजला होता. “सदर विद्यार्थिनीचा तीन आठवडे कॉलेजशी कोणताही संपर्क नाही.” आणि चढता आवाज मध्येच थांबला.

“हे खोटं आहे, बाख.” बाख म्हणजे त्यांच्या वेल्शमध्ये बाळा. “रोज नऊला गेटवर असायचीस. मलाच दोनदा पत्रक दिलंस.”

“तिसऱ्यांदा तुम्ही मागच्या दाराने गेलात.”

“गेलो. घाबरलो होतो. मथळा बरोबर आहे तुझा.”

अहवालाचा मसुदा हॉस्टेल विकणाऱ्या विश्वस्तांकडून आला होता आणि त्यांना मी कॉलेजात नको होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी ते वाक्य खोडलं, वर लिहिलं, ‘रोज कॉलेजच्या गेटवर हजर, मी स्वतः पाहिले आहे,’ आणि सही केली. शाई वाळेपर्यंत त्यांनी दोनदा दाराकडे पाहिलं. “उद्यापासून वर्गात बस,” ते म्हणाले. “माझ्याविरुद्ध काय करायचं ते चारनंतर कर.”

व्हिसा वाचला, हॉस्टेल विकलं गेलं. ईस्टरआधी विश्वस्तांनी त्या सहीपायी त्यांना प्राचार्यांच्या खुर्चीवरून उठवलं आणि पुढच्या हिवाळ्यात ते गेले. निर्भय माणसांबद्दल मी पुष्कळ पत्रकं लिहिली आहेत. एका भ्यालेल्या माणसाबद्दल लिहायला मात्र आज पहिल्यांदाच बसले आहे. काळ माणूस नेतो, त्याचा आवाजही हळूहळू नेतो. पण आपल्यासाठी कुणी अंगावर घेतलेली भीती तो नेत नाही, ती आपल्यापाशी ठेवून जातो, आणि स्मरण म्हणजे बहुधा तिचं ओझं आपल्या खांद्यावर घेऊन उरलेली वाट चालणं.