दुरुस्त करू नये

बाबा गेल्यावर कपाटात एक कागद सापडला. त्यावर तीन ओळी होत्या. घर आईचं. जुनी कागदपत्रं आईला दाखवल्याशिवाय फाडू नयेत. रेडिओग्राम मुलाला, तो बिघडलेला आहे, दुरुस्त करू नये. खाली सही आणि तारीख. बाबांची सगळी नोकरी छापखान्यात झाली, त्यामुळे कागदावर काना-मात्रेची एकही चूक नव्हती.

मी लिफ्ट-तपासनीस आहे. इमारतींमध्ये जाऊन लिफ्ट नीट चालते का ते बघायचं आणि चालत असेल तर तसं लिहून द्यायचं, हे माझं काम. चालत नसेल तर दुरुस्त करा असं लिहायचं. ‘दुरुस्त करू नये’ हा शेरा पंचवीस वर्षांत मी कुठेच वाचला नव्हता.

रेडिओग्राम म्हणजे चार पायांचं सागवानी कपाट. रुंदीला लहान मुलाच्या पलंगाएवढं. डावीकडे रेडिओ, उजवीकडे झाकण उचललं की रेकॉर्ड फिरवायची तबकडी, खाली रेकॉर्डींचा कप्पा. मी चौदा वर्षांचा असताना एका सकाळी बाबांनी जाहीर केलं, “हा गेला.” त्यानंतर चौतीस वर्षं त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जात होते. आमच्या घरी कपडे कुठे ठेवलेत असं विचारलं, की उत्तर यायचं, “गाण्यावर.”

तो माझ्या घरी न्यायचा असं मी ठरवलं. बायकोने खिडकीखालची जागा मोजून ठेवली. फक्त तिची एक अट होती. “चालत असेल तर आण. कपडे ठेवायला आपल्याकडे खुर्च्या आहेत.”

म्हणून मी वाल्ववाल्यांना गाठलं. पूर्वी ते काचेच्या वाल्वचे जुने रेडिओ दुरुस्त करायचे. गेली पंधरा वर्षं मिक्सर आणि पंखेच करतात, पण जुनं नाव चिकटलंय ते चिकटलंय. साठीचे, उंच, आणि माणसांपेक्षा यंत्रांशी जास्त बोलणारे. शनिवारी सकाळी ते हत्यारांची पेटी घेऊन आईकडे आले. आई तेव्हा पालक निवडत होती.

“तुम्ही उगाच त्रास घेताय,” ती त्यांना म्हणाली. “ह्यांनी लिहून ठेवलंय, दुरुस्त करू नये म्हणून.”

“मावशी, मी नुसतं बघतो.”

“बघून काय होणार?”

“दिसेल.”

आम्ही दोघांनी रेडिओग्राम भिंतीपासून ओढला. वाल्ववाले मागे जाऊन उकिडवे बसले आणि फळीच्या कडेने बोट फिरवत गेले. मग म्हणाले, “साहेब, मागच्या फळीला आठ स्क्रू असतात. इथे दोनच आहेत.”

“बाकीचे हरवले असतील.”

“हरवू देत. पण या दोघांवर धूळ नाही.”

मी वाकून पाहिलं. फळीच्या कोपऱ्यांत धूळ साचली होती आणि दोन स्क्रू नवऱ्यामुलासारखे चकचकीत होते. त्यांच्या खाचा मात्र झिजून रुंद झाल्या होत्या.

“हे स्क्रू-ड्रायव्हरचं काम नाही,” वाल्ववाले म्हणाले. “सुरीचं आहे.”

आईची पालक निवडायची सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

फळी निघाली. आत वाल्व एका रांगेत उभे होते. वाल्ववाल्यांनी त्यांना हलकेच बोट लावलं, एक तार चिमटीत धरून उजेडाकडे नेली आणि मला बोलावलं. स्पीकरकडे जाणारी ती तार मधोमध कापलेली होती. जळलेली नाही, उंदराने कुरतडलेलीही नाही. सरळ कात्रीने कापलेली. आणि कापलेली दोन्ही टोकं केसांच्या पिनेने एकमेकांत अडकवलेली होती.

“शेवटचं कोणीतरी घाईत बंद केलंय,” ते म्हणाले. “पिन काढायची राहिली.”

केसांच्या पिना घरात एकाच माणसाला लागत. आम्ही दोघांनीही त्या माणसाकडे पाहिलं.

“हे गेले त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला होता,” आई म्हणाली. “तशीच निघाले.”

तिने पालकाची परात बाजूला सरकवली आणि सांगायला लागली. बाई जशी दूधवाला आज उशिरा आला असं सांगते, तशा आवाजात.

बाबा छापखान्यात मोठ्या यंत्रावर होते. त्यांच्या कानाची तिथे ख्याती होती. यंत्राचा आवाज ऐकून कुठला रूळ सैल आहे ते ते दारातूनच सांगत. आणि त्याच यंत्राने त्यांचे कान खाल्ले. त्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही. यंत्रावर तळहात ठेवून ते बिघाड ओळखायला लागले, आणि लोकांना वाटलं, साहेब आता आणखी पोचलेले झाले. पण रेडिओग्रामपुढे ही युक्ती चालेना. पाहुणे म्हणत, जरा आवाज कमी करा, आणि बाबांना रेडिओ लागलाय हेच कळत नसे. म्हणून एका पहाटे त्यांनी तार कापली आणि यंत्र गेलं असं सांगून टाकलं.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“मला काय, मी शेजारी झोपत होते. घड्याळाचा गजर मलाच बंद करायला लागायचा.”

“मग आम्हाला कधी बोलली नाहीस!”

“त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला कसं सांगणार?”

बाबा घराबाहेर पडले की ती एक कोपरा पुढे ओढून दोन स्क्रू काढायची, पिन लावायची, तासभर रेकॉर्डी ऐकायची, पिन काढायची, स्क्रू लावायची आणि कपड्यांची चळत पुन्हा वर ठेवायची. चौतीस वर्षं. मी शाळेत, कॉलेजात, नंतर माझ्या संसारात.

माझ्या डोक्यात तेव्हा भलताच हिशेब चालू झाला होता. बाबा कमी बोलत, आणि जे बोलत ते मी जपून ठेवलं होतं. मी बारावीत नापास झालो तेव्हा ते म्हणाले होते, “बरं झालं.” त्या दोन शब्दांवर मी वर्षभर अभ्यास केला. पुढे मला दोन नोकऱ्या आल्या, एक शाळेत शिक्षकाची, दुसरी लिफ्ट खात्यात. मी त्यांच्यापुढे बसून विचारलं, काय करू? ते माझ्याकडे शांतपणे बघत राहिले आणि म्हणाले, “दुसरं घे.”

“आई, मी नोकरीचं विचारलं तेव्हा तू तिथे होतीस ना?”

“होते की. बिस्किटांची बशी मीच ठेवली होती तुझ्यापुढे.”

“बशी?”

“एक फुटकं होतं त्यात,” आई म्हणाली. “तुझ्या हातात तेच आलं होतं.”

वाल्ववाले खाली बघून पेटीत काहीतरी शोधायला लागले. पंचवीस वर्षांची नोकरी, हजारभर लिफ्ट. मी खुर्चीवर बसलो. आईने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, “नोकरी काही वाईट नाही तुझी. घरी वेळेवर येतोस.”

तबकडीचा हात उचलून वाल्ववाल्यांनी भिंग लावलं. “सुई नवी आहे,” ते म्हणाले. “या जातीच्या सुया मिळत नाहीत आता सहजासहजी. मावशी, कुठून आणायचात?”

“मी कुठून आणणार? त्या कप्प्यात असतात. झिजली की बदलते. ह्यांनी पहिल्यापासूनच भरपूर आणून ठेवल्यात.”

वाल्ववाल्यांनी कप्पा उघडला. आत सुईचं एक पाकीट होतं. एकच. त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं, उलटं केलं आणि माझ्या हातात दिलं. मागे दुकानाचा शिक्का होता आणि शिक्क्यात मोबाइलचा नंबर.

मी ते पाकीट आईला दाखवलं. तिला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मलाही लागला होता. रेडिओग्राम बंद पडला तेव्हा मोबाइल कोणी पाहिलाही नव्हता.

“संपायच्याच नाहीत,” ती हळूच म्हणाली. “एक घेतली की महिन्याभराने बघावं तर दुसरी असायचीच. मला वाटलं, मागे सरकली असेल.”

तिने पाकीट उलटसुलट केलं. मग म्हणाली, “निवृत्त झाल्यावर दुपारी दोन ते चार वाचनालयात जायचे. भर उन्हात. मी म्हणायचे, अहो, सकाळी जा, संध्याकाळी जा. ऐकायचेच नाहीत. मी म्हटलं, ऐकू येत नाही, त्यात हट्टी.” तिने पाकीट रेडिओग्रामवर ठेवलं. “आल्या आल्या ह्या लाकडावर हात ठेवून चपला काढायचे. एकोणीस वर्षं. मला वाटायचं, तोल जातो.”

“वाल्व तापले की लाकूड तासभर गरम राहतं,” वाल्ववाले म्हणाले. त्यांना ते सांगितल्याशिवाय राहवलं नसावं.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. एरवी थेंबभर पाणी वाया गेलेलं तिला चालत नाही. मी दारापर्यंत गेलो. ती ओट्याला धरून उभी होती, पालक परातीतच होता.

“सांगायचं ना मग,” ती भिंतीकडे बघत म्हणाली.

“तू तरी कुठे सांगितलंस?”

“मी सांगितलं असतं तर त्यांना ऐकू आलं असतं का?” आई म्हणाली, आणि पदराने तोंड पुसताना हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही.

बाहेर वाल्ववाल्यांनी तार जोडून कथलाचा डाग दिला होता. बाकी काही बिघडलेलं नव्हतंच. रोज वापरलेलं यंत्र होतं ते. उरलेले सहा स्क्रूही त्यांनी पेटीतून काढून लावले. मग बटण फिरवलं, वाल्व लालसर झाले आणि त्यांनी आईला विचारलं, “कुठली लावू?”

आईने स्वतःच एक रेकॉर्ड काढली. सनईची होती. आवाज तिने सवयीने अगदी बारीक ठेवला, जवळ गेल्याशिवाय ऐकू येणार नाही इतका. वाल्ववाले म्हणाले, “मावशी, मोठा करा की, आता कोण आहे?” म्हणून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. पण आईने बटणाला हात घातला आणि पूर्ण उजवीकडे फिरवलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. ती लाकडावर तळहात टेकून, डोळे मिटून, पूर्ण बाजू संपेपर्यंत उभी राहिली.

रेडिओग्राम मी नेला नाही. आईने तो सरळ नेऊन टाक म्हणून सांगितलं होतं, दोनदा. दोन्ही वेळा मी ऐकू न आल्यासारखं केलं. घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, चालत नाही का? मी म्हटलं, चालतो, म्हणूनच तिथे ठेवला. मग मी तिला खाली बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, बिस्किटांच्या बशीसकट.  शेवटी तिने मोजपट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि खिडकीखाली दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या.