इनॉक ट्रँटरची पाठ

इनॉक ट्रँटरचे वडील जॉब, आजोबा एमॉस, पणजोबा रूबेन. तिघेही इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये खिळे घडवणारे, तिघेही एकाच भट्टीपाशी मेले. इनॉक मात्र मालकाच्या लोखंडी सळ्या चोरताना सापडला आणि चौदा वर्षांच्या शिक्षेवर बेड्या घालून आमच्या टास्मानियात पाठवला गेला. तो माझा पणजोबा. होबार्टच्या अभिलेखागारात जुन्या नोंदी शोधून देणाऱ्या मिस पास्कोला मी हे सारे उभ्या उभ्या सांगितले.

“त्याच्या पाठीवर चाबकाचे वण होते. माझ्या आजोबांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेत. ती शिक्षा केव्हा झाली, कशाबद्दल, तेवढं शोध. गावात कैद्यांच्या नावांच्या विटा बसवतायत. त्याच्या विटेवर ते कोरायचंय मला.”

“तीस वर्षं त्या पाठीवर मिरवतेयस, ऑगस्टा,” माझा धाकटा भाऊ क्लाइव्ह म्हणाला. “फटके खाल्ले त्यानं, ताठा मात्र तुझा!”

“तोंड मिटून बस.”

मिस पास्कोने नोंदवही उघडली. उंची पाच फूट चार इंच, डोळे करडे, डावा अंगठा हातोड्याने चेचलेला. बोटीवरून उतरताना पाठ स्वच्छ. वर्तणुकीच्या रकान्यात एकदा दारू पिऊन धिंगाणा. तीन दिवस पाव आणि पाणी. तिचे बोट एका ओळीवर थबकले.

“बाई, फटके आहेत. पण यांनी खाल्लेले नाहीत.”

“म्हणजे?”

“हे मारायचे. बाकीच्या कैद्यांना.”

सन १८३६. ‘दंड बळकट, हातोड्याची सवय’ म्हणून त्याला निवडले होते. मोबदला : जादा चहा, तंबाखू आणि वेगळी झोपडी.

कैद्यांच्या तळावरच्या डॉक्टरची वहीही निघाली. मायकल गार्व्ही, आयरिश. मुकादमाला हसल्याबद्दल पन्नास फटके. बाराव्याला कातडी फाटली. चाबकाच्या नऊ दोऱ्यांना मांस चिकटू लागले, तेव्हा ट्रँटर दोऱ्या बोटांनी निपटून पुढचा फटका मारी. तिसाव्याला खांद्याचे हाड दिसले. गार्व्ही ओरडला नाही. दातांत धरलेली शिशाची गोळी चावून चपटी करून त्याने ट्रँटरच्या पायांशी थुंकली. शेवटी डॉक्टरचा शेरा : ‘काम सफाईदार.’

क्लाइव्हचे हसू मावळले होते. “वीट राहू दे, ऑगस्टा. कुणाला कळतंय?”

“मला कळलंय ना!”

बाहेर येताच मी वीटवाल्याला दूरध्वनी केला. “लिहून घ्या. इनॉक ट्रँटर, खिळे घडवणारा. त्याखाली, फटके मारणारा. हो, मारणारा. अक्षरं लहान करू नका.”

तरी एक प्रश्न उरलाच : मग ते वण कुठले? चार दिवसांनी मिस पास्कोने दंडाधिकाऱ्यापुढील एका जबानीची प्रत पाठवली. सन १८४९. मी ती क्लाइव्हला वाचून दाखवली.

शिक्षा संपून सुटलेला इनॉक मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या शेडवर काम मागायला गेला. कातरणाऱ्यांत गार्व्ही होता. त्यांनी त्याचा शर्ट फाडला आणि त्याला गाडीच्या चाकाला बांधले. बैल हाकायच्या चाबकाने गार्व्हीने एकट्याने मारले; बाकीचे मोठ्याने मोजत होते. चाळिसाव्याला इनॉकची मान लुळी पडली. “पुरे, मरेल तो,” कोणी म्हणाले. गार्व्हीने बादलीभर पाणी ओतले, तो शुद्धीवर येईपर्यंत वाट पाहिली आणि उरलेले दहा मारले. एक्कावन्नावा मारला नाही. दोर त्यानेच कापला.

“मग फासावर चढवलं असेल गार्व्हीला?” क्लाइव्हने विचारले.

मी पुढे वाचले. इनॉकला बसवत नव्हते. तो टेबलाला धरून उभा होता. दंडाधिकाऱ्याने विचारले, हे कोणी केले? गार्व्ही समोरच होता.

“माझी तक्रार नाही, साहेब,” इनॉक म्हणाला. “पन्नास दिले होते. पन्नास पोचले.”

“बरोबर आहे?” दंडाधिकाऱ्याने गार्व्हीला विचारले.

“पोचले, साहेब.”

दोघांनाही लिहिता येत नव्हते. कागदाच्या तळाशी दोन फुल्या आहेत, शेजारी शेजारी.