वेगळं बांधलेला माणूस

पिशोर गावाकडची मेंढरं विकून भिकन शहरात, गारखेड्यात लेकाकडं राहायला आला, त्याला दोन वर्षं झाली होती. लेकाला पोरगी झाली आणि त्याच आठवड्यात भिकनच्या तळहातांवर, बोटांच्या बेचक्यांत साबुदाण्यासारखे पाण्यानं भरलेले फोड उठले. खाज अशी, की जीव नकोसा व्हावा.

त्याला वाटलं, ही देवी. मेंढरांवर येते तीच. तरणा असताना फोड आलेली एक मेंढी त्यानं लळ्यापोटी कळपातच ठेवली होती. महिन्याभरात निम्मी मेंढरं गेली. तेव्हापासून त्यानं मनाशी गाठ मारली होती, आजारी जनावर आधी वेगळं बांधायचं.

तसं त्यानं स्वतःला वेगळं बांधलं. अंथरूण गच्चीवर नेलं, ताट-तांब्या निराळा केला. बाळंतीण घोर लावून घेईल म्हणून कुणाला काही बोलला नाही. बाभळीच्या काट्यानं फोड फोडायचा आणि मेंढरांच्या जखमेला लावायचं काळं औषध चोपडायचा. हात आणखीच सोलवटले.

बारशाला सगळ्यांनी पोरीला घेतलं. भिकन उपरण्यात हात झाकून दाराबाहेरच उभा राहिला.

सून आशाबाई हे बघत होती. पोरगी झाली म्हणून म्हातारा रुसला, असं तिनं मनाशी धरलं. त्याचं ताट ती जरा आपटून ठेवू लागली.

पोरगी महिन्याची झाली. आशाबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तर भिकन काट्यानं तळहात उकरत बसलेला. तिनं बादली खाली ठेवली.

"मामा, हात दाखवा."

"लांब ऱ्हा. तुला लागंल, मग पोरीला."

तिनं ऐकलं नाही. पोरीला नवऱ्याजवळ ठेवून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिले. ही देवी नाही, याची कुणाला लागण होत नाही, असं त्या म्हणाल्या. फोड फोडू नका, काळं औषध टाकून द्या, खाज सुटली की गार पाण्याची पट्टी ठेवा, मलम दोन वेळा पातळ लावा, साबणात हात घालू नका.

भिकननं एकच विचारलं, "म्हंजी येगळं बांधायचं नाय?"

बाईंना कळलं नाही. आशाबाईला कळलं.

परतताना ती खाली बघत चालत होती. "मामा, मला वाटलं, पोरगी झाली म्हणून तुम्ही..."

भिकन थांबला. "शेळीला पाठ, म्हंजी मादी करडू झालं की माझा बाप गूळ वाटायचा. पाठीनंच कळप वाढतो, बाई. मी कशाला रुसू?"

वाटेतल्या दुकानातून त्यानं गूळ घेतला. घरी मलम लावून हातांना सुती फडकी बांधली, त्यामुळं त्याला गूळ फोडता येईना. आशाबाईनं फोडला, पहिला खडा त्याच्या तोंडात घातला आणि पोर आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

बराच वेळ भिकन दोन्ही हात हवेत धरून बसला. मग एक हात हळूच पोरीच्या मानेखाली सरकवला, नुकतं जन्मलेलं कोकरू उचलतात तसा.