केसरीनाथची हनवटी

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी करिष्माने आपल्या नवऱ्याची हनवटी पाहिली नव्हती. पाहणार कुठून? मनोजने ती सतराव्या वर्षी दाढीखाली जी पुरली, ती पुन्हा उघडी पडूच दिली नाही. अंजूरच्या शाळेत पोरं त्याला कासव म्हणायची. खालचा ओठ संपला की तोंड थेट मानेत उतरायचं; जबड्याची म्हणून जी एक रेघ माणसाला असते, ती देव याच्या बाबतीत आखायलाच विसरला होता. मग दाढी फुटली आणि मनोज सुटला. त्याने ती अशी कोरून ठेवली की बघणाऱ्याला वाटावं, आत चांगला भक्कम जबडा आहे. कशेळीच्या सासुरवाडीत तर त्याला रुबाबदार जावई म्हणत, आणि ते ऐकून हा सुखावायचं सोडून दाढीवरून हात फिरवायचा.

हनवटी बापाची होती. केसरीनाथला तिची कसली लाज म्हणून नव्हती. जमिनीवर गोदामं उभी राहिली, भाडं येऊ लागलं, तरी माणूस रोज सकाळी ओटीवर आरसा टांगून स्वतःची दाढी स्वतः करायचा, गुळगुळीत. भिवंडीच्या बाजारात तो बाजूने दिसला तरी लोक लांबून हाक मारायचे.

मग त्या वर्षी दिवाळीनंतर त्याच्या पोटात गाठ निघाली. ठाण्याच्या डॉक्टरांनी मनोजला बाजूला घेऊन सांगितलं, सहा महिने, फार तर आठ. परत येताना कशेळीच्या पुलावर गाडी ट्रकांच्या रांगेत अडकली. मागच्या सीटवर त्याची आई जानकीबाई पदर तोंडाला लावून बसली होती, केसरीनाथ खिडकीतून ट्रकवाल्यांना शिव्या देत होता. आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेल्या मनोजच्या मनात भलतंच आलं. दहावा. म्हणजे मुंडण. डोकं, मिशी आणि दाढी. गावासमोर, सासऱ्यासमोर, करिष्मासमोर.

बाप जिवंत, मागे बसून शिव्या घालतोय, आणि आपण त्याचा दहावा करून मोकळे झालो! मनोजला स्वतःचीच किळस आली. पण मनात शिरलेली गोष्ट काही हाकलून जात नाही. त्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना. जेवताना पाय हलायचा, गोदामावर गेला की तासाभरात बाइक काढून अंजूरफाट्यापर्यंत उगीचच चक्कर मारून यायचा. करिष्माने विचारलं, काय झालंय? तो म्हणाला, बाबांचं टेन्शन. ते खोटंही नव्हतं.

पंधरवड्याने तो ठाण्याला एका क्लिनिकमध्ये जाऊन बसला. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी त्याच्या दाढीत बोटं घालून जबडा चाचपला.

"जबड्याची रेघ बुजायला बरीच कारणं असतात," त्या म्हणाल्या. "वय झालं की कातडी ओघळते. वजन वाढलं की खाली चरबी साठते. तुमचं त्यातलं काही नाही. तुमचं हाडच लहान आहे. घरात आणखी कुणाचं आहे असं?"

"वडलांचं."

"मग तिथूनच आलं. चरबी असती तर ओढून काढली असती. तुम्हाला भर घालावी लागेल. इंजेक्शनने भरता येतं, ते साधारण वर्षभर टिकतं. नाहीतर तोंडाच्या आतून छेद घेऊन हाडावर सिलिकॉनचा तुकडा बसवायचा. तो राहतो."

वर्षभर. सहा महिने, फार तर आठ. म्हणजे इंजेक्शन पुरेल, असा हिशोब मनोजच्या डोक्यात आपोआप होऊन गेला. बापाचं मरण तो इंजेक्शनच्या मुदतीत बसवत होता!

"तुकडाच बसवा," तो घाईघाईने म्हणाला.

"बसवू. पण दाढी तर छान आहे की तुमची. घाई कसली आहे एवढी?"

"घरात कार्य आहे," मनोज म्हणाला, आणि बाईंनी हसून अभिनंदन केलं.

घरी त्याने सांगितलं, अक्कलदाढ काढली. सुजलेलं सगळं दाढीने झाकून घेतलं. आठवडाभर जानकीबाई एका खोलीत नवऱ्याला पेज भरवायची आणि दुसऱ्या खोलीत लेकाला. खालचा ओठ बधिर होता, चहा पिताना ओघळायचा. "एका दाढंसाठी किती हाल रं पोराचं," ती म्हणायची, आणि मनोज रुमाल तोंडाला लावून भिंतीकडे बघायचा. रात्री करिष्मा झोपली की बाथरूममध्ये आरशापुढे दाढी दाबून बघायचा. होती. हनवटी होती. तरी जिवाला थारा नव्हता तो नव्हताच.

होळीनंतर केसरीनाथच्या हातात वस्तरा ठरेना. तेव्हापासून मनोज त्याची दाढी करू लागला. एवढं जवळून बापाचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. गाल बसले होते, ओठाखालची कातडी सैल होऊन मानेशी एक झाली होती, आणि वस्तरा कुठे टेकवावा तेच त्याला कळेना.

"घाबरतंस कशाला?" केसरीनाथ डोळे मिटून म्हणाला. "बोटानं कातडी खाली ताण. ताणल्याबिगर माझी हनवटी व्हत न्हाय. तुजी पन अशीच हाय. दहाव्याला न्हाव्याला सांग, नीट ताणून धर. न्हायतर कापंल तुना."

मनोजचा हात थांबला. बापाला दहाव्याची सगळी कल्पना होती, आणि काळजी होती ती लेकाच्या तोंडाला वस्तरा लागेल याची. मनोजला तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण त्याने कातडी ताणली आणि दाढी पुरी केली.

रामनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारी, केसरीनाथ गेला.

टेमघरहून त्याची थोरली बहीण, आक्का, आली ती राहायलाच. घरातल्या सगळ्या बाया रडून रडून बसल्या, पण आक्काच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि मनोज समोरून गेला की त्याच्याकडे एकटक बघायची.

तिसऱ्या दिवशी ती बोलली. "दहाव्याला याची दाढी उतरू दे. आमचा केसऱ्या याच्या तोंडात हाय. ल्हान व्हता तवा मी बघलाय. मना तो एकदा बघायचाय, मंग मी रडीन."

झालं. ते वाक्य घरभर फिरलं. भेटायला येणाऱ्या बायकांनाही आक्का तेच सांगू लागली आणि बायका मान हलवून मनोजच्या दाढीकडे बघू लागल्या. ताट वाढताना जानकीबाईचीही नजर तिथेच जायची, आणि त्या नजरेत जी आस होती ती मनोजला सहन होईना.

गेले सहा महिने ज्या हनवटीच्या भीतीने तो सैरभैर झाला होता, तीच आता सगळ्यांना हवी होती, आणि ती त्याच्याकडे नव्हती. तो अंगणात येरझाऱ्या घालायचा. दाढीत बोट घालून तुकड्याची कड चाचपायचा. नवव्या दिवशी त्याने भटजींना गाठून विचारलं, "नुसतं डोकं केलं आणि दाढी ठेवली, तर नाही का चालणार?"

भटजींनी चष्म्यावरून बघितलं. "बाप एकदाच जातो, मनोजराव. सगळं उतरवायचं."

दहाव्याला खाडीकाठी न्हाव्याने त्याला पाटावर बसवलं. मनोजने त्याला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं राहिलंच नव्हतं. वस्तरा हनवटीवरून सरळ, कुठेही न अडता फिरला. चुलतभाऊ कुणाल बघतच राहिला. "आयला, मन्या! कसली भारी हनवटी हाय तुजी. दाढीत काय झाकून ठेवलीस येवडी वर्सं?" हे वाक्य ऐकण्यासाठी मनोज सतराव्या वर्षापासून झुरला होता. आता ते ऐकून, तिथेच उठून पाण्यात उडी मारावी असं त्याला वाटलं.

घरी आला तेव्हा बाया ओटीवर दोन्ही बाजूंनी उभ्या होत्या. करिष्माने त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि सुतकातही तिच्या ओठांवर किंचित हसू आलं. आक्का पुढे झाली. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं.

"हा न्हाय," ती म्हणाली. "यात केसऱ्या न्हाय." आणि खाली बसून तिने जो हंबरडा फोडला तो रस्त्यापर्यंत गेला. "कायच ठेवून न्हाय गेला गं माझा भाऊ!"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी हळूच विचारलं, मग हा गेलाय तरी कोणावर?

"माझ्या बापसावर गेलाय," जानकीबाई ठणकावून म्हणाली. "तुमी कोणी बघलाय का माझा बापूस? मंग गप ऱ्हावा." आणि मनोजच्या दंडाला धरून ती त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली.

आत तिने दार लोटलं. त्याच्या ओठाखाली अंगठा ठेवून हलकेच दाबलं, लहानपणी दात येताना हिरडी दाबून बघायची तसं. अंगठ्याला ते लागलं. ती तिथेच थांबली.

"दाढ न्हवती काढली तू," ती म्हणाली.

मनोजने मान हलवली. त्याला रडू आवरेना.

"आई, मला वाटलं... सगळे हसतील."

अंगठा तसाच ठेवून ती त्या अनोळखी हनवटीकडे बघत राहिली.

"काढता येतं का हे?" तिने विचारलं.

"येतं. परत ऑपरेशन करून. काढू का?" तो हुंदके देत म्हणाला. "उद्याच जातो. काढू?"

विचार करताना जानकीबाईचे डोळे भरून आले आणि ते तिने पुसले नाहीत.

"नको," ती म्हणाली. "परत दुखंल तुना."