मिस्त्रींची दहा बोटं

मित्रांनो, मी एक जुना वेबकॅम आहे. नऊ वर्षं म्हणजे तुमचं चौथीत जायचं वय, पण आमच्यात एवढ्या वयाला भंगारात काढतात. मी मात्र अजून हार्डवेअरच्या दुकानावर, पन्हाळीखाली ठाण मांडून आहे आणि गावाचा मधला चौक जगाला दाखवतो.

हे गाव लाकूडतोडीवर वसलं. डोंगरावरचे ओंडके नदीतून वाहत यायचे आणि सॉ मिलमध्ये त्यांच्या फळ्या व्हायच्या. आता मिल बंद आहे. समोरची दुमजली लाकडी दुकानं, बेकरी आणि भिंतीवर टांगलेलं माणसाएवढं करवतीचं पातं, एवढं मला दिसतं. मला बसवलं तेव्हा अख्खं गाव हात हलवून गेलं. बेकरीवाल्या बाई तर तीनदा केस विंचरून आल्या होत्या. महिन्याभरात सगळ्यांची हौस फिटली.

एका माणसाची मात्र फिटली नाही. मिलमध्ये चाळीस वर्षं आरा चालवलेले मिस्त्री रोज सकाळी अकराला त्या पात्याखाली उभे राहतात, टोपी काखेत धरतात आणि दोन्ही पंजे पसरून मला दाखवतात. मिलमधली रीतच होती ती. पाळी सुटली की प्रत्येकाने मुकादमाला दहाही बोटं शाबूत असल्याचं दाखवायचं, मगच घरी जायचं. आऱ्याच्या आवाजाने मिस्त्रींचे कान गेले, त्यामुळे फोन त्यांच्या काही कामाचा नाही. त्यांची मुलगी परदेशात नर्स आहे. ती तिकडे मला उघडून बोटं मोजते. दहा भरली की वडील ठीक आहेत.

सुरुवातीला दुकानदार दर आठवड्याला माझी काच पुसायचा. मग त्याचा उत्साह मावळला. गेल्या वर्षी एका कोळ्याने माझ्या तोंडासमोरच जाळं विणलं, त्यावर धूळ बसली आणि चौक पार पुसट झाला. एके दिवशी मुलीचा दुकानात फोन आला. मला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं.

"दादा, बाबा नुसते पुसट डागासारखे दिसतात हो. काच पुसता का जरा?"

"पुसतो ना, ताई. आजच शिडी काढतो."

ती शिडी पाच दिवस निघाली नाही. सहाव्या दिवशी अकराच्या सुमाराला पुन्हा फोन आला, तेव्हा तो ओशाळून, फोन तसाच खिशात टाकून वर चढला आणि सदऱ्याच्या टोकाने मला पुसलं. मिस्त्री पात्याखाली उभे होते. टोपी जमिनीवर पडली होती. उजवा पंजा तेवढा वर होता.

"पाचच!" खिशातून मुलगी ओरडली. "दादा, पाचच आहेत! त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!"

दुकानदार अर्ध्या शिडीवरून उडी मारून पळाला. त्याने मिस्त्रींना खुणेने विचारलं, डाव्या हाताला काय झालं?

"झोपेत अवघडलाय रे," मिस्त्री म्हणाले. "तीन दिवस झाले. होईल बरा."

हात अवघडलेला नव्हता. मेंदूचा रक्तपुरवठा कमी झाला होता. आणखी उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. तीन दिवस मिस्त्री मला पाचच बोटं दाखवत होते आणि बघणं हेच ज्याचं काम, त्या मला ते दिसलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मुलगी आली, दोन महिने राहिली, परत गेली. दुकानदार आता शटर उघडायच्या आधी शिडी काढतो. मित्रांनो, मला नवा रंग नको, कौतुकही नको. माझ्यासारखं काही तुमच्याकडे असेल तर त्याची काच तेवढी पुसत जा. पलीकडून कोण बघत असतं, हे आपल्याला ठाऊक नसतं.

अकरा वाजले. मिस्त्री आलेत. टोपी आता दुकानदार धरतो. आधी उजवी पाच. मग त्याच हाताने डावं मनगट धरून ते डावा पंजा वर उचलतात. त्याची बोटं उघडायला जरा वेळ लागतो. तिकडे ती थांबते.