एकच पिचर असलेला संघ

"तीन पिचर आहेत माझ्याकडे. ईशानी चौथी होईल," संघाची प्रशिक्षिका मारेके म्हणाली. "शनिवार-रविवार मिळून तिच्या वाट्याला एक सामना येईल. कधी तोही येणार नाही."

श्यामकांतने हातातल्या कागदावर तशी नोंद केली. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या त्या मैदानावर फेब्रुवारीचा वारा आडवा वाहत होता आणि कागदाचा कोपरा अंगठ्याने दाबून धरावा लागत होता. पलीकडे कुंपणापाशी त्याची सोळा वर्षांची मुलगी चेंडू टाकत होती. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरचा हात कमरेपासून निघतो, डोक्यावरून मागे जाऊन पूर्ण वर्तुळ करतो आणि मांडीजवळून चेंडू सोडतो. ईशानीच्या हाताला विलक्षण वेग होता, पण त्यात घाई कधी दिसत नसे. देवापुढे ओवाळणाऱ्या हातात जी शांत खात्री असते, तशी काहीशी तिच्या त्या वर्तुळात होती. गेल्या खंडेनवमीला त्याच्या बायकोने, योगिनीने, तिच्या ग्लोव्हला हळदकुंकू वाहिले, तेव्हा श्यामकांतने मनोमन त्या उजव्या हातालाही नमस्कार केला होता.

"तुमच्या संघातून अमेरिकेतल्या कॉलेजांत किती मुली गेल्या?" त्याने विचारले.

"अकरा वर्षांत दोन."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या अजून खेळतात. काही इथेच लहान मुलींना शिकवतात."

त्याने 'दोन' एवढेच लिहिले. दुसऱ्या उत्तरासाठी कागदावर रकाना नव्हता.

श्यामकांत आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या एका कचेरीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करीत असे. इतरांनी रचलेल्या व्यवस्थेत दोष कुठे दडला आहे, हे शोधण्यात त्याच्या नोकरीची बावीस वर्षे गेली होती. सगळे ठीक आहे असे सांगितले गेले, की तो आणखी एक प्रश्न विचारी, आणि बहुधा त्या प्रश्नातच दोष सापडे. सहकारी त्याला हसत, पण त्याने तपासल्याखेरीज काहीही बाहेर जाऊ देत नसत.

आता त्याच्यापुढे दोन संघ होते. दोन्ही ट्रॅव्हल टीम, म्हणजे क्लबच्या सामन्यांपलीकडे युरोपभर स्पर्धांना जाणारे. त्या स्पर्धांना अमेरिकन कॉलेजांचे प्रशिक्षक मुली निवडायला येतात आणि त्यांच्या नजरेत भरलेल्या मुलीला खेळाच्या शिष्यवृत्तीवर तिथे शिकता येते. ईशानीला बाराव्या वर्षापासून तेच हवे होते.

रात्रीच्या जेवणाला त्याने कागद ताटाशेजारी ठेवला.

"हा दुसरा संघ बघ. एकेचाळीस मुली अमेरिकेत. प्रत्येकीचा फोटो, खाली कॉलेजचं नाव."

"आणि पिचर किती आहेत त्यांच्याकडे?" योगिनीने आमटी वाढता वाढता विचारले.

"सध्या एकही नाही. म्हणून तर फायदा आहे. प्रत्येक सामन्यात हीच असणार. बघायला येणारा माणूस हिलाच बघणार."

"एवढा नावाजलेला संघ, आणि पिचर नाही?"

"गेली असेल एखादी कॉलेजला."

"अरे, एकेचाळीस गेल्या हे कळलं. आल्या किती होत्या?"

श्यामकांतने कागद स्वतःकडे ओढला. तो प्रश्न त्याला परका नव्हता. तो सतरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला लातूरला प्रवेशपरीक्षेच्या क्लासला ठेवले होते. क्लासमध्ये नऊशे मुले होती. निकालानंतर वर्तमानपत्रात क्लासची पानभर जाहिरात आली, तीत साठ फोटो होते. वडिलांनी चष्मा लावून ते पान वरून खालपर्यंत दोनदा पाहिले आणि घडी घालून ठेवून दिले. अशा पानावर कोण नसते, हे श्यामकांतइतके कुणाला ठाऊक असणार? पण त्या पानावर आपले माणूस दिसावे ही आस मात्र तीस वर्षांत विझली नव्हती, आणि या घडीला तीच त्याच्या मुखातून बोलत होती.

"क्लास कसा आहे ते निकालावरूनच कळतं," तो म्हणाला. "दुसरं काय बघणार?"

"हा क्लास नाहीये, श्याम."

"ईशू, तुला काय वाटतं?"

ईशानीला मराठी सगळे समजे, पण उत्तरे येत ती इंग्रजीत किंवा डचमध्ये. या वेळी मात्र तिने मराठीत सांगितले. "मारेकेच्या मुली छान आहेत. बट आय डोन्ट नो. तू ठरव ना, बाबा. तू सगळं चेक करतोस."

पुढच्या रविवारी तो तिला घेऊन दुसऱ्या संघाच्या मैदानावर गेला. प्रशिक्षक उंचापुरा, प्रसन्न मनुष्य होता. क्लबघराची एक भिंत फोटोंनी भरलेली होती आणि त्या भिंतीपुढे उभे राहूनच तो बोलत असे.

"तुमच्या मुलीला मी प्रत्येक स्पर्धेत, प्रत्येक सामन्यात उभी करीन."

"एका दिवसात तीन सामने असतील तर?"

"तिन्ही. बेसबॉलसारखं खांद्यावरून फेकणं नाही हे. खालून टाकलेल्या चेंडूने हाताला काही होत नाही. नैसर्गिकच हालचाल आहे ती."

खिडकीशी टेबलावर एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी सरावाचे आकडे लिहून घेत होती. ती डाव्या हाताने लिहीत होती आणि तिची अक्षरे पहिलीतल्या मुलासारखी मोठी व वाकडी येत होती. उजवा हात मांडीवर होता. प्रशिक्षक बाहेर गेल्यावर तिने काचेतून ईशानीकडे बराच वेळ पाहिले.

"नवी पिचर ती का?" तिने विचारले.

"अजून ठरायचं आहे. तूही खेळतेस?"

"मी पिचर होते. गेल्या वर्षापर्यंत."

श्यामकांतची नजर भिंतीकडे गेली. एकेचाळीस चेहऱ्यांत तिचा चेहरा नव्हता. पुढचा प्रश्न त्याच्या जिभेवर तयार होता. कचेरीत त्याने तो क्षणाचाही विलंब न लावता विचारला असता. मुलगी पेन थांबवून त्याच्याकडे पाहत राहिली, जणू तो विचारील म्हणून तिने थोडी जागा करून ठेवली होती.

"छान," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन त्याने प्रवेशाच्या कागदावर सही केली.

एप्रिलपासून स्पर्धा सुरू झाल्या. प्राग, अँटवर्प, पुन्हा प्राग. ईशानी एका शनिवार-रविवारात चार सामन्यांत चेंडू टाकी, कधी पाचांत. श्यामकांत जाळीमागे उभा राहून प्रत्येक चेंडूचे चित्रण करी आणि सोमवारी आगगाडीत बसून त्याचे उत्तम तुकडे निवडी. जूनमध्ये ओहायोतल्या एका कॉलेजच्या प्रशिक्षिकेचे पत्र आले. ऑगस्टमधल्या स्पर्धेला ती स्वतः येणार होती. ते पत्र श्यामकांतने नाशिकला आईला फोनवर वाचून दाखवले, वाक्यागणिक मराठी करून.

त्याच महिन्यात ईशानी दप्तर डाव्या खांद्यावर घेऊ लागली. सायकलवरून येताना ती एकाच हाताने हँडल धरी. जेवताना एकदा तिने डाव्या हातात चमचा घेतला. योगिनीने ते पाहिले. दुसऱ्या दिवशी ती मुलीला हाउसआर्ट्सकडे घेऊन गेली. इथे कोणत्याही दुखण्याला प्रथम हे घरगुती डॉक्टरच पाहतात, आणि नव्या दुखण्याला बहुधा एकच औषध सांगतात.

"पॅरासिटामॉल," घरी येऊन योगिनी म्हणाली. "दोन आठवडे विश्रांती. मग पुन्हा या म्हणाले. पुढची स्पर्धा कधी आहे?"

"दहा दिवसांनी."

"मग नाही जायचं."

"मम्मा, दु नॉर्माल, उगाच काय," ईशानी जिन्यावरून म्हणाली. "इट्स फाइन. नुसतं दमलंय."

योगिनीने नवऱ्याकडे पाहिले. "ती म्हणणारच. तू काय म्हणतोस?"

"ती म्हणतेय ना, दमलंय," श्यामकांत म्हणाला.

योगिनी त्या दिवसानंतर मैदानावर आली नाही.

ऑगस्टमधल्या त्या स्पर्धेच्या सकाळी आकाश खाली उतरले होते. मैदानावरच्या गवताला पाणी सुटले होते आणि चेंडू झेलणारीच्या ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज जवळूनही दबल्यासारखा येत होता. जाळीमागे घडीच्या खुर्चीवर ओहायोची प्रशिक्षिका बसली होती. तिच्या मांडीवर वही आणि हातात चेंडूचा वेग मोजणारे यंत्र होते. संघाचा प्रशिक्षक तिच्या खुर्चीपाशी उभा राहून हसत बोलत होता. सामन्याला दहा मिनिटे होती.

बाकाच्या टोकाशी ईशानी एकटीच उभी होती. तिचे केस मोकळे होते. ते एकत्र धरण्यासाठी तिने दोन्ही हात उचलले. डावा हात डोक्यामागे पोचला. उजवा खांद्यापर्यंत आला, तिथेच अडला, आणि खाली आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग आजूबाजूला पाहिले, आणि जाळीपलीकडे उभा असलेला बाप तिला दिसला.

ती कुंपणाच्या दारापाशी आली. केसांचे काळे रबर तिने त्याच्यापुढे धरले.

"बाबा, केस बांधून दे ना."

"हात वर जात नाही तुझा?"

"असा नाही जात. फिरवला की जातो. जोरात फिरवला की आपोआप वर जातो." तिने क्षणभर थांबून मराठीत जुळवाजुळव केली. "थांबवला की दुखतं. म्हणून थांबवायचं नाही."

"कधीपासून?"

"प्राग."

"पहिलं की दुसरं?"

मैदानावरून तिच्या नावाचा पुकारा झाला. जाळीमागच्या बाईने वहीचे पान उलटले.

"बाबा, ती बघतेय. प्लीज."

श्यामकांतने आयुष्यात कधी कुणाचे केस बांधले नव्हते. त्याने ते ओंजळीत गोळा केले. ते धुक्याने ओलसर झाले होते आणि लहानपणीइतकेच मऊ होते. त्यांच्याखालची मान त्याच्या बोटांना गरम लागली. फक्त एक शब्द उच्चारायचा होता, आणि तो शब्द त्याला ठाऊक होता.

त्याने रबर एकदा फिरवले, मग दुसऱ्यांदा, आणि केस सामन्यात सुटू नयेत म्हणून तिसरा वेढाही घट्ट ओढून घेतला.