पाय ब्रेकवर आहे ना?

उजव्या पायातली चप्पल फाटकातच राहिली आणि गाडीताईला पत्ताच लागला नाही. ती तशीच पायऱ्या चढून घरात आली, पिशवी टेबलावर ठेवली, घटाघटा पाणी प्यायली. मागून आई आली ती हातात चप्पल घेऊन. वाकून तिने ती लेकीच्या अनवाणी पावलाशी ठेवली आणि खुर्चीची पाठ धरून तिथेच उभी राहिली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी पायाला मुंग्या, मग पाय जड, आणि एका संध्याकाळी बाबा एकाच पायात चप्पल घालून घरी आले. तेव्हा सगळे पोट धरधरून हसले होते, बाबासुद्धा. त्यानंतर जाईपर्यंत आठ वर्षं ते खाटेवर होते आणि त्यांचं अंथरूण-पांघरूण, न्हाणं-धुणं सगळं आईने एकटीने केलं.

"दमलीस का गं?" आईने विचारलं.

"हो, जरा दमलेय."

दोघींनी विषय तिथेच झाकून ठेवला.

गाडीताई डायलिसिसच्या रुग्णांना ने-आण करणारी गाडी चालवायची. आठवड्यातून तीन दिवस त्याच माणसांना घरून उचलायचं, केंद्रावर सोडायचं आणि चार तासांनी, अंगातलं त्राण गेलेली ती माणसं पुन्हा दारात नेऊन पोचवायची. गाडीताई हे नाव तिला रुग्णांनीच दिलं होतं. सहा वर्षांपूर्वी नोकरी मागायला गेली तेव्हा मॅनेजरने तिला आपादमस्तक न्याहाळून विचारलं होतं, एवढी मोठी गाडी बाईमाणसाला झेपेल का? ती पाच फुटाला दोन बोटं कमी होती. तिने चाव्या मागितल्या, गाडी उलटी नेऊन दोन खांबांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत लावून दाखवली आणि नोकरी मिळवली. पण तो प्रश्न काट्यासारखा रुतून बसला तो बसलाच.

तीन महिन्यांपूर्वी जुनी गाडी मोडीत निघाली आणि दुसरी आली. वापरलेलीच, पण मागे रुग्णांसाठी मऊ, पाठ टेकवता येणाऱ्या सीट होत्या. सगळे खूश झाले. चालकाच्या सीटकडे मात्र कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तिच्यावर आधी बसणारा गडी चांगला सहा फुटी आणि वजनदार असावा. आतला फोम उजवीकडे पार बसला होता, आणि सीट पुढेमागे करायची दांडी कितीही ओढली तरी रूळ गंजून घट्ट झालेले. गाडीताईचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. मग तिने पाठीमागे घरची उशी खोचली आणि सीटच्या अगदी कडेवर, परक्याच्या घरी बसावं तशी बसून ती गाडी हाकू लागली. तक्रार करायचं तिच्या मनातही आलं नाही. आता सीट पुढे हवी, उशी हवी म्हटलं, की मॅनेजर म्हणणार, मी म्हटलं नव्हतं?

आधी कंबर धरली. मग खुब्यात कळ येऊ लागली. दुसऱ्या महिन्यात पायाला मुंग्या आल्या. तिसऱ्या महिन्यात काहीच होईना. दुखत होतं तोवर ठीक होतं. दुखायचं थांबलं तेव्हा ती घाबरली.

रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून ती सेफ्टी पिन उघडायची आणि गुडघ्यापासून खाली टोचत जायची. नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि पावलावर टोचलं की दुसऱ्याच कोणाच्या तरी पायाला टोचल्यासारखं वाटायचं. बोटं वर उचल म्हटलं तर अंगठा नुसता थरथरायचा. पिन मिटून ती साबणाच्या डबीमागे लपवायची आणि बाहेर येऊन आईशी भाजीच्या गप्पा मारायची.

रोज ती केंद्रातल्या डॉक्टरांच्या खिडकीखालीच गाडी लावत होती. दहा पावलं चालून विचारलं असतं तर काम झालं असतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच तिला धास्ती होती. आई आता सत्तरीची. पुन्हा आठ वर्षं तिने कोणाला उचलायचं?

त्यावर गाडीताईने आपला एक उपाय काढला. पाय ब्रेकवर आहे की नाही हे पावलाला कळत नव्हतं, तर डोळ्यांनी बघायचं. सिग्नल आला की ती चटकन खाली बघायची. आहे ना? आहे. मग वर. त्या पापणी लवण्याएवढ्या वेळात समोर काय येईल या विचाराने तिचे तळहात चाकावर घामाने निसटायचे. मागे बसलेल्या माणसांना यातलं काही माहीत नव्हतं. ती तिच्या भरवशावर डोळे मिटून पडलेली असायची.

चप्पल राहिली तो सोमवार होता. बुधवारी दुपारी ती तिघांना घेऊन परत निघाली होती. मागे एक आजी होत्या, बँकेतून निवृत्त झालेले कॅशियरकाका होते, आणि चालकाच्या बरोबर मागे टेलरमास्तर. मास्तरांनी चाळीस वर्षं पुरुषांचे कपडे शिवले होते. आता सुईत दोरा ओवण्याइतकं जवळचं दिसत नव्हतं, तरी लोकांचे खांदे आणि बाह्या निरखायची सवय गेली नव्हती.

पुलावरून गाडी उताराला लागली. खाली रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे नव्याने रंगवायचं काम चाललं होतं. एक माणूस गुडघ्यांवर बसून, गाडीकडे पाठ करून, मन लावून पट्टा ओढत होता. गाडीताईने ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी गुरगुरली आणि पुढे झेपावली.

तिने खाली पाहिलं. बूट भलत्याच पेडलवर होता. सरक, तिने पायाला सांगितलं. पाय सरकेना. तिने पुन्हा सांगितलं. घरात झोपलेल्या माणसाला बाहेरून हाका माराव्या तसं ते होतं. वर पाहिलं तर त्या माणसाच्या शर्टावरची शिवण दिसू लागली होती. मग तिचं तिलाच कळलं नाही, पण डावा पाय आडवा जाऊन ब्रेकवर पडला आणि दोन्ही हातांनी तिने हँडब्रेक वर खेचला. गाडी तिरकी होत घसरली, रंगाची बादली आडवी झाली, आणि सगळं थांबलं.

रंगारी वळला. गाडीचा बंपर त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता. हातात ब्रश तसाच धरून तो रस्त्यावर मांडी घालून बसला.

मागे आजी देवाचं नाव घेत होत्या. कॅशियरकाका पायाखाली चष्मा शोधत होते. हिसक्याने मास्तरांच्या दंडावरची सुईच्या जागेची पट्टी सुटली होती आणि रक्त कोपरापर्यंत आलं होतं. केंद्रात शिकवल्याप्रमाणे त्यांनी त्यावर अंगठा दाबून धरला. गाडीताई दार उघडून उतरली. उजवं पाऊल दुमडलं आणि ती कोसळणार, तोच त्या रंगाऱ्यानेच उठून तिला धरलं.

"मला पाय कळत नाही," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं. "किती दिवस झाले, मला माझा पाय कळत नाही. बाबांना झालं होतं तेच मला झालंय."

मास्तर दंड दाबून खाली उतरले होते. ते तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते. ती गाडीचं दार धरून पाठमोरी उभी होती आणि ते तिच्या पँटकडे बघत होते.

"ही पँट कधीची, ताई?"

तिला वाटलं, म्हाताऱ्याला रक्त गेल्याने भ्रम झाला. गणवेश नव्या गाडीबरोबरच मिळाला, तीन महिने झाले, असं ती कसंबसं बोलली.

"डाव्या पायाचं कापड अजून कोरं आहे. उजव्याच्या मागे, गुडघ्याच्या वर चार बोटं, एक आडवी पट्टी घासून चकाकतेय. सूत निघायला आलंय." मास्तर जवळ आले. "बसणाऱ्याची पँट बुडाशी झिजते. मांडीमागे अशी रेघ मी जन्मात पाहिली नाही. या सीटमध्ये काय आहे?"

त्यांचा एक हात गुंतलेला, म्हणून दुसऱ्या हाताने त्यांनी सीटची कड चाचपली आणि मग तिचा हात तिथे नेऊन ठेवला. बसलेल्या फोमखाली, उजव्या बाजूला, कापडाच्या अगदी लगत लोखंडी सळई होती. रोज सहा-सात तास तिची मांडी त्या सळईवर टेकलेली असायची.

तिला हायसं वाटलं असेल असं कोणाला वाटेल. तसं काही झालं नाही. आजार असेल असं धरून तिने मनाची कशीबशी तयारी केली होती. आता आशा धरायची, आणि तीही खोटी निघाली तर?

मॅनेजर दुसरा चालक घेऊन आला. गाडीताईने रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याला सगळं सांगितलं, लपवलं होतं तेसुद्धा. त्याने वाकून पांढऱ्या रंगात माखलेलं चाक पाहिलं. मग म्हणाला, की आत तीन जीव होते आणि बाहेर एक, तुम्ही सांगायला हवं होतं. ती मान खाली घालून हो म्हणाली, कारण ते खरंच होतं. मग त्यानेही सीटची कड चाचपून पाहिली. गाडी घेताना मी मागच्या सगळ्या सीटवर बसून पाहिलं, म्हणाला, पुढच्या सीटवर बसलोच नाही.

डॉक्टरांनी तिला टाचांवर चालायला लावलं. तिला जमलं नाही. त्यांनी आईलाही आत बोलावून बाबांचं सगळं विचारून घेतलं, आणि आईने आठ वर्षं दहा मिनिटांत सांगितली. दाबाने नस दुखावलेली दिसते, डॉक्टर म्हणाले, पण आजच छातीठोकपणे सांगणार नाही. तपासण्या करू. महिनाभर गाडीला हात लावायचा नाही.

तो महिना गाडीताईने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. तपासण्यांमध्ये वाईट काही निघालं नाही, तरी पाय गप्पच होता. आता पिन लपवायचं कारण उरलं नव्हतं, ती उघड्यावर टेबलावर असायची. कधी रात्री जाग आली तर ती पांघरुणात पावलं एकमेकांवर घासून बघायची आणि उजव्याकडून काहीच निरोप नाही म्हटल्यावर छताकडे बघत पडून राहायची. शेजारच्या खोलीत आईही जागी असायची. तिच्या खाटेच्या कुरकुरीवरून ते कळायचं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी पिन घोट्याच्या वर टोचली आणि गाडीताईने पाय झटकन मागे घेतला. ती तशीच पिनेकडे बघत बसली. आई स्वयंपाकघरातून ओल्या हाताने आली.

"बघू," म्हणत आईने पिन तिच्या हातातून घेतली आणि त्याच जागी टोचली. "दुखलं?"

"दुखलं."

आईने पुन्हा टोचली.

"आई गं, दुखतंय म्हटलं ना."

तेव्हा कुठे आई जमिनीवर बसली आणि लेकीचं ते पाऊल मांडीवर घेऊन ओल्या हातांनी चोळत राहिली. बराच वेळ तिने ते सोडलं नाही.

दरम्यान मॅनेजरने सीट काढून गादीकाम करणाऱ्याकडे दिली होती. रूळ घासून, तेल घालून मोकळे झाले, सळईवर पत्रा आणि त्यावर घट्ट फोम बसला. सीट परत लावायच्या दिवशी मास्तर गळ्यात टेप अडकवून हजर. गादीवाल्याला आणि त्यांना एकमेकांचं बोलणं अजिबात पटत नव्हतं, पण दोघांनी मिळून गाडीताईला तासभर बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. बूड अगदी मागे टेकव. सीटची कड आणि गुडघ्याची मागची खोबण यांत दोन बोटं जागा हवी. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ न सोडता मनगट चाकाच्या माथ्यावर टेकतंय का बघ. टाच खाली टेकेना, तेव्हा गादीवाल्याने पायाखाली जाड रबरी पट्टी ठोकून दिली. खिशात काही ठेवू नकोस, मास्तरांनी बजावलं, रुमालसुद्धा नाही. सहा वर्षं गाडी चालवून गाडीताईला पहिल्यांदा कळलं, की गाडीत बसणं म्हणजे लटकणं नव्हे.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली. पाय ऐंशी टक्के आला होता आणि बाकीचा येईल म्हणाले. ती पुन्हा गाडीवर आली, पण पुलावरून जाईना. लांबच्या, सपाट रस्त्याने नेऊ लागली. वीस मिनिटं जास्त लागायची. आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला. मग एका दुपारी आजी मागून हळूच म्हणाल्या, "बाळ, आज फार गळल्यासारखं झालंय. पुलावरून घेशील?"

तिने घेतलं. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली आणला आणि पाऊल ब्रेकवर ठेवलं. बुटाच्या तळव्यातून पेडलचे रबरी कंगोरे लागत होते, एकेक मोजता येतील इतके. तरी खाली बघायची ऊर्मी मानेला खेचत होती. तिने नजर रस्त्यावरून काढली नाही. बैलगाडीच्या वेगाने ती उतरत राहिली. मागचा एकजण हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी बाजूने निघून गेला.

सपाटीला लागल्यावर तिने आरशात पाहिलं. तिघांनीही समोर जे सापडलं ते घट्ट धरलं होतं; मास्तरांनी तर तिच्याच सीटची पाठ. बोटं पांढरी पडली होती. सगळ्यांत आधी आजींनी हात सोडले आणि पदराने कपाळ पुसलं.

"पोचलो की," त्या म्हणाल्या.